खरं बास्केटबॉल कोणत्या गेममध्ये?

आजचा विषय ‘सिम्युलेशन की आर्केड’ असा जाहीर झालाय, म्हणजे खऱ्या सामन्याची नक्कल करणारे व्हिडिओ गेम बरे की नियम झुगारून धमाल करणारे. तुमच्यातले निम्मे टू-के हा सिम्युलेशन गेम खेळणारे असणार आणि बाकीचे एनबीए जॅम या आर्केड गेमवर वाढलेले. माझं म्हणणं असं, की ज्याला आपण आर्केडचा अतिरेक म्हणतो त्यात पुष्कळदा खरं बास्केटबॉल असतं. आणि ज्याला वास्तव म्हणून डोक्यावर घेतो, तो पुष्कळदा खेळाडूच्या कपाळावर काढलेला घाम असतो.

माझं लाडकं उदाहरण डॅरिल डॉकिन्सचं. एनबीए या अमेरिकन लीगमधल्या फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स संघाचा हा आडदांड सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी. नोव्हेंबर १९७९ मध्ये कॅन्सस सिटीत त्याने उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबला, म्हणजे डंक मारला, तो असा की रिंगमागच्या बोर्डाची काचच फुटली. शेजारी उभ्या प्रतिस्पर्धी बिल रॉबिन्झीनवर तुकड्यांचा पाऊस. लोक म्हणाले, योगायोग. तीन-एक आठवड्यांत गड्याने घरच्या कोर्टवर दुसरा बोर्ड फोडला! या माणसाला आपल्या डंकना नावं द्यायची भारी हौस. त्या पहिल्या डंकचं नाव इतकं लांबलचक आहे की ते म्हणून होईपर्यंत शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला मिळणारे चोवीस सेकंद, संपायचा. आणि त्यात रॉबिन्झीनच्या रडण्याचाही उल्लेख आहे, बिचारा. लीगने डॉकिन्सला कारवाईची तंबी दिली. पुढे लीगमध्ये जोर आला की खाली झुकणाऱ्या, स्प्रिंगच्या रिंगा आल्या.

आता १९८३ मध्ये या. अ‍ॅपल टू कम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा गेम. डॉक्टर जे, म्हणजे ज्युलियस अर्व्हिंग, विरुद्ध लॅरी बर्ड, एकास एक. जोरदार डंक मारलात की कधीकधी काच फुटते आणि खेळ थांबतो. मग एक सफाईवाला झाडू घेऊन येतो, खेळाडूंवर तोंडसुख घेत तुकडे झाडतो आणि निघून जातो. तोवर तुम्ही गप्प बसायचं. त्या यंत्राची मेमरी किती तुटपुंजी होती, ते इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. कोर्टवर दोनच माणसं मावत होती, तरी या सफाईवाल्यासाठी जागा काढली!

तुम्ही हसताय. हसाच, तो हसवायलाच ठेवलाय. पण अर्व्हिंग हा डॉकिन्सचा टीममेट होता. गेम निघाला तेव्हा त्या काचा फुटून जेमतेम चार वर्षं झाली होती. तेव्हाही सामना खोळंबलाच होता आणि कोणीतरी काच झाडलीच होती. म्हणजे त्या गेममधली सगळ्यात गमतीची गोष्ट हीच सगळ्यात वास्तव.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. मूळ मुद्दा राहिलाच की! भराभर सांगतो.

एनबीए जॅम, १९९३. दोघांविरुद्ध दोघे, धक्काबुक्कीला माफी. लागोपाठ तीन बास्केट केले की खेळाडू पेटतो, चेंडूला आग लागते. हे थोतांड वाटतं. पण ‘हात बसलाय’, म्हणजे लागोपाठ बास्केट पडले की पुढचाही पडणारच, ही भावना प्रत्येक शूटरला ठाऊक आहे. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या संशोधकांनी तिला भ्रम ठरवलं. २०१८ मध्ये मिलर आणि सानहुर्हो यांनी त्यांच्या आकडेमोडीतच खोट दाखवली. वाद चालू आहे. जॅमने मात्र ती भावना सरळ नियमात बसवली. जॅमवर माझा राग एकाच गोष्टीचा: मागे पडलेल्या संघाला मशीन गुपचूप मदत करतं. हे मला मंजूर नाही. कमावलेली आघाडी कमावलेलीच राहिली पाहिजे.

सिम्युलेशनचं दुखणं वेगळं. एनबीएचा क्वार्टर बारा मिनिटांचा, सामना अठ्ठेचाळीसचा. आपण खेळतो पाच-सहा मिनिटांचा क्वार्टर. चेहरे हुबेहूब, बुटांची करकर हुबेहूब. पण सहा फाउल, म्हणजे नियमभंग, झाले की सामन्याबाहेर जायची भीती इतक्या वेळात येणार कशी? बेंचवरचा आठवा माणूस लागणार कशाला? कोचचं अर्धं डोकं ज्या हिशेबात जातं, तोच गळाला. थकवा कमी-जास्त करायचे स्लायडर असतात, पण ते ज्याने त्याने मेनूत शिरून जुळवायचे. वेळ कापायचा तर गेमने आपणहून त्याच प्रमाणात थकवा लवकर आणावा आणि फाउलची मर्यादा खाली आणावी. बाहेर जायला एकच फाउल उरलेला सेंटर चौथ्या क्वार्टरमध्ये कोर्टवर ठेवायचा की बसवायचा, हा निर्णय खेळणाऱ्याला घ्यावा लागला, तर चेहरे ठोकळ्यांचे असले तरी माझी तक्रार नाही.