दुसरं टोक अर्धंच खरवडायचं

शिक्षक मित्रहो, आज आपण विजेवर फिरणारी छोटी मोटार करणार आहोत. टेबलावर जे मांडलंय त्यातलं काहीच विकत आणायला शहरात जावं लागत नाही. दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर, बिघडलेल्या स्पीकरमधला चुंबक आणि दीडेक मीटर तांब्याची तार. ही तार मात्र मोटार भरणाऱ्याकडूनच आणायची. पाण्याची मोटार जळाली की आपण ज्याच्याकडे भरायला टाकतो, तोच. तिच्यावर वीज न जाऊ देणारा वार्निशचा थर असतो आणि आजचा सगळा खेळ त्या थराचा आहे.

सहावी-सातवीच्या मुलांना मी एवढंच सांगतो: सेलवर तार गुंडाळून दहा वेढ्यांचं कडं करा, दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढा, पॉलिश पेपरनं घासा, सेलच्या दोन्ही टोकांना रबरानं बांधलेल्या पिनांच्या नाकांत अडकवा. सेलवर चुंबक, चुंबकावर कडं. मुलं दोन्ही टोकं अगदी लख्ख घासतात, कारण घासायचं म्हणजे पूर्ण घासायचं हे घरच्या भांड्यांनी शिकवलेलं असतं. मग कडं थरथरतं, मागेपुढे झुलतं आणि थांबतं.

इथं आपला हात शिवशिवतो. मी तर पहिली दोन वर्षं प्रत्येक बाकापाशी जाऊन मोटार फिरवून देत होतो. पोरं टाळ्या वाजवायची, मीही खूश. शिकत कोणी नव्हतं.

आता मी हात मागे बांधून उभा राहतो. फक्त एक बजावतो, कडं थांबलं की लगेच उचला. इतक्या आखूड तारेला रोध जवळजवळ नसतोच, सेल हाताला चटका लागेल इतका तापतो. बाकी मुलं आपसात भांडतात. चुंबक उलटा करून बघतात, वेढे वाढवतात. मग कोणीतरी कडं बोटानं हळूहळू फिरवतं आणि लक्षात येतं की अर्ध्या फेरीपर्यंत ते पुढे ओढलं जातं, उरलेल्या अर्ध्यात मागे. मागची ओढ बंद करायची कशी? त्या अर्ध्या फेरीपुरती वीज तोडायची. म्हणजे कडं उभं धरून दुसऱ्या टोकाचं वार्निश फक्त वरच्या अंगानं खरवडायचं, खालचं तसंच ठेवायचं. अर्धी फेरी विजेवर, अर्धी मिळालेल्या झोक्यावर. एका वर्गाला हे सापडायला तीन तासिका लागल्या. अभ्यासक्रम मागे पडला, मुख्याध्यापकांचं बोलणंही खाल्लं.

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी हातानं वस्तू करून बघायची प्रयोगशाळा, काढायला केंद्र सरकारकडून शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. योजना चांगलीच आहे. पण एका शाळेत मी थ्रीडी प्रिंटर पाहिला, त्यावर क्रोशाचं आच्छादन होतं. मुलांनी हात लावला तर बिघडेल म्हणे! याउलट पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक करतात. गावाला लागणारी कामं, आणि त्याचे पैसेही घ्यायचे. पैसे घेतले की वेल्डिंग केलेलं गेट नीट लागलंच पाहिजे.

मागे सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, आमच्या विहिरीवरच्या मोटारीतपण एकच बाजू खरवडलीय का?"

मी म्हणालो, चल बघू. पाच-सहा जण घेऊन मोटार भरणाऱ्याकडे गेलो. त्यानं एक उघडलेली मोटार दाखवली. बाहेरच्या घट्ट बसलेल्या भागात तारच तार. आतला फिरणारा भाग काढून त्यानं तिच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट केला आणि म्हणाली, "याला तर तारच नाही!" खरंच नसते. लोखंडात बसवलेल्या धातूच्या दांड्या, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या, बस्स. बाहेरून वीजच येत नाही, मग खरवडायचं काय?

"मग याला वीज येते कुठून?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. याचं उत्तर वरच्या वर्गात आहे, हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं, ते गिळलं. दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमचा हातभर पाइप आणि एक ताकदवान चुंबक वर्गात नेला. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, ते आधी तिनंच तपासलं. मग पाइप उभा धरून वरून चुंबक सोडला. धपकन पडायला हवा होता. तो रेंगाळत, सावकाश खाली उतरला. पाइपाला सेल जोडलेला नव्हता.

ती खाली वाकून पाइपात बघत राहिली आणि म्हणाली, "परत सोडा."