थोरलीचं काम

(दृश्य: अंधार. कोपीबाहेर, म्हणजे ऊसतोड मजुराच्या पाचटाच्या झोपडीबाहेर, पेटलेली चूल.)

पहाटेचे चार. भाकरी थापून झाल्यात. घटकाभरात आईबाप उसाच्या फडात तोडीला जातील आणि कोपीवर धाकट्याला घेऊन थोरली राहील. असेल नऊ-दहा वर्षांची.

दिवाळी आटोपली की शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर या बीडच्या तालुक्यांतून ऊसतोडीला बिऱ्हाडं हलतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली काही पोरं. बाकीची पोरं टोळीबरोबर.

(दृश्य: ऊसतोड.)

मुकादमाच्या, म्हणजे टोळी जमवून नेणाऱ्याच्या, हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, दोघांच्या नावावर, ती फिटायची तोडलेल्या उसाच्या टनावर. पोरासाठी बाई मागं राहिली की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. गाडी रात्री अकराला आली तर अकराला भरायची. कोपीवर पोर तापानं फणफणलंय, याच्याशी कारखान्याच्या गव्हाणीला, म्हणजे जिथं ऊस गाळपाला टाकतात तिला, देणंघेणं नाही.

म्हणून 'यांचं पोरांकडे लक्षच नसतं' असं इथं फटकन बोलू नये. पण सगळंच गरिबीच्या खात्यावर मांडूनही भागत नाही. उचलीचे पैसे घरी पोचायच्या आत गुत्त्यावर उडवणारे बाप याच टोळ्यांत आहेत. आणि मुलगा आजीपाशी शाळेला, मुलगी कोपीवर, ही वाटणी काही मुकादमानं केलेली नाही.

(दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा.)

2009 च्या कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. त्याच्याही आधीपासून साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याजवळच्या शाळा, होत्या. बऱ्याच बंद पडल्या. मग गावातच हंगामी वसतिगृहं आली. टोळ्या निघण्याआधी ती सुरू झाली तर मुलं गावात राहतात. उशीर झाला की जेवण शिजतं, पण जेवणारी मुलं ट्रॉलीत बसून केव्हाच गेलेली असतात.

थोरलीचं नाव पटावर आहे. ती परतते तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. तेरा-चौदाची झाली की तिला कोपीवर एकटं ठेवायची धास्ती, म्हणून लग्न उरकलं जातं. अठराच्या आत लग्न गुन्हा आहे, हे ठाऊक असूनही. पुढच्या हंगामाला नवऱ्यासोबत तिचा नवा कोयता होतो. त्याची उचल बऱ्याचदा लग्नातच खर्ची पडलेली असते.