मधोमध थांबलेला काटा

मंडळी, आज ज्या विमानाबद्दल बोलायचं आहे ते कोसळलं नाही. कुणाला खरचटलंही नाही. २९ जुलै २०००. एअर न्यूझीलंडचं बोइंग ७६७, फ्लाइट ६०, ऑकलंडहून सामोआला निघालेलं. सामोआची राजधानी आपिया, पण विमानतळ तिथून दूर फालेओलोला, समुद्राला अगदी लागून. रात्रीची वेळ, खाली काळं पाणी. अशा ठिकाणी खिडकीबाहेर बघून उंचीचा अंदाज येत नाही. सगळी भिस्त आयएलएसवर, म्हणजे रेडिओ लहरींनी धावपट्टीपर्यंतची वाट दाखवणाऱ्या यंत्रणेवर.

हे आयएलएस चालतं कसं, ते जरा खोलात जाऊन पाहू, कारण मेख तिथेच आहे. डावं-उजवं सांगणारा लोकलायझर वेगळा आणि वर-खाली सांगणारा ग्लाइड स्लोप वेगळा. ग्लाइड स्लोपच्या लहरीवर दोन सूर असतात, ९० हर्ट्झचा आणि १५० हर्ट्झचा. विमान मार्गाच्या वर असलं की ९०चा सूर वरचढ, खाली घसरलं की १५०चा. दोन्ही सारखे झाले की कॉकपिटमधला काटा मधोमध. म्हणजे हे यंत्र उंची मोजतच नाही. ते दोन सुरांतला फरक मोजतं, एवढंच!

जमिनीवरून त्यासाठी दोन लहरी सोडतात. पहिलीत दोन्ही सूर समसमान. दुसरी तिच्यात मिसळते आणि तुम्ही कुठे आहात त्याप्रमाणे एका सुराला चढवते, दुसऱ्याला उतरवते. फालेओलोला त्या रात्री ही दुसरी लहर निघतच नव्हती. उरले दोन सारखे सूर, आकाशात कुठेही गेलात तरी सारखेच. रिकाम्या तराजूचा काटाही मधोमधच उभा राहतो, तसं.

तुम्ही म्हणाल, बिघाडाची खूण दाखवायला कॉकपिटमध्ये फ्लॅग असतो ना? असतो. पण तो येतो लहर गायब झाली किंवा क्षीण झाली तर. इथे लहर ठणठणीत होती. जमिनीवरचा मॉनिटर दोष पकडून लहरी सोडणारा प्रक्षेपक बंद करतो, पण हा प्रक्षेपक बायपासवर, म्हणजे मॉनिटरला बंद करता येणार नाही अशा स्थितीत, राहून गेला होता. म्हणजे पहारेकऱ्याचे हात आपणच बांधून ठेवलेले. त्यात बांधकामात केबल तुटलेली, त्यामुळे टॉवरलाही काही दिसत नव्हतं. आणि जमीन जवळ आल्याची सूचना देणारी यंत्रणा? चाकं आणि फ्लॅप्स (पंखांवरच्या झडपा) उतरवून विमान बेताने खाली येत असलं, की ती हे नेहमीचं लँडिंग समजते. ‘ग्लाइड स्लोप’ असं ओरडण्याची तिची सोय आहे, पण ती ओरड त्याच काट्यावरून ठरते. साक्षीदार चार दिसतात, पण त्यातले दोघे, फ्लॅग आणि ही यंत्रणा, एकाच लहरीचं ऐकून बोलतात. मला या प्रकरणातली सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

ऑटोपायलटने तो काटा प्रमाण मानला आणि विमान उतरवायला घेतलं. वैमानिक वेग आटोक्यात आणण्यात गुंतलेले. काटा मात्र जागचा हलत नव्हता. खरं तर हवेत काटा थोडा तरी डुलतो; इतका आज्ञाधारक काटा पाहून शंका यावी. पण दमलेल्या माणसाला ते सुखच वाटणार, नाही का?

मग दोन गोष्टी खटकल्या. शेजारच्या बेटावरचे दिवे असायला हवेत तिथे दिसेनात, आणि डीएमईवरचं, म्हणजे अंतर दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रावरचं, अंतर उंचीशी जुळेना. तीन अंशांच्या उतरत्या मार्गावर दर सागरी मैलाला साधारण ३०० फूट, हा हिशोब वैमानिकाला तोंडपाठ असतो. धावपट्टी साडेपाच मैलांवर असताना विमान १७०० फुटांच्या आसपास हवं. ते चारशेच्या आसपास आलं होतं. कॅप्टनने इंजिनांना पूर्ण जोर दिला आणि विमान वर उचललं. आणखी थोडा उशीर, तर पावणेदोनशेच्या आसपास माणसं धावपट्टीऐवजी समुद्रात उतरली असती.

वर गेल्यावर त्यांनी काय केलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुन्हा तोच अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येणं, पण या खेपेला दिशेसाठी फक्त लोकलायझर घेतला. ग्लाइड स्लोपकडे लक्षच द्यायचं नाही असं ठरवलं, आणि डीएमईवर एकेक मैल कमी होत गेला तशी उंची ताडून पाहत विमान फालेओलोच्या धावपट्टीवर उतरवलं.