तासाला ३.६ सेकंद

(दृश्य : व्हीसीआरमध्ये आत सरकणारी कॅसेट. टीव्हीवर वर-वर पळणारं रंगहीन चित्र.)

१९९०च्या आसपास न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरातलं लग्न कॅमेऱ्यात टिपलं जायचं आणि कॅसेट पुण्याला, सांगलीला आजी-आजोबांकडे यायची. इथल्या व्हीसीआरमध्ये ती घातली की रंग गायब, चित्र पळतंय. कॅसेट मात्र ठणठणीत असायची. ती एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीची होती आणि आपल्याकडे पाल ही दुसरी पद्धत.

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. सुरुवातीला टीव्हीचा वेग विजेच्या या ठेक्याशीच बांधलेला होता. म्हणून तिथे सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० स्थिर चित्रं, आणि चित्रात ५२५ रेषा, तर युरोपात आणि आपल्याकडे २५ फ्रेम आणि ६२५ रेषा.

१९५३ साली अमेरिकेने रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरवलं. तेव्हा रंगाची लहर आणि ४.५ मेगाहर्ट्झवरची आवाजाची लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर जाळी दिसायचा धोका होता. आवाजाची लहर हलवली असती, तर घरोघरचे जुने कृष्णधवल संच अडचणीत आले असते. म्हणून आवाज जागच्या जागी ठेवला आणि चित्राचा वेग सुमारे एक हजारांश कमी केला. ३० चे झाले २९.९७.

(दृश्य : संगणकावर चित्राची पट्टी, तिच्याखाली आवाजाची पट्टी.)

हा फरक नजरेत भरत नाही. पण अशी कॅसेट पालमध्ये बदलताना कुणी २९.९७ ला सरळ ३० धरलं, तर चित्र तासाला ३.६ सेकंद आधी संपतं. तीन तासांच्या चित्रीकरणात शेवटी जवळजवळ अकरा सेकंदांची तफावत पडते. अंतरपाट दूर होतो, हार पडतात, अक्षता उधळल्या जातात, आणि भटजींचं शेवटचं मंगलाष्टक अजून चालूच असतं.

खरं तर एनटीएससीचं पाल करताना आवाजाचा वेग बदलायचं कारणच नाही. एका तासाची कॅसेट रूपांतरानंतरही एक तासच चालली पाहिजे. बदलायच्या त्या फक्त फ्रेम. साधारण सहातली एक गाळली तरी काम भागतं, पण कॅमेरा मांडवावरून फिरतो तेव्हा चित्र अडखळतं. चांगलं यंत्र शेजारच्या फ्रेम पाहून हालचालीचा अंदाज घेतं आणि मधली फ्रेम नव्याने घडवतं. या कामाला वेळ लागतो. चित्र यंत्रात जितकं थांबतं, तितकंच आवाजालाही थांबवावं लागतं.

सिनेमाचं तसं नाही. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट पालसाठी बहुधा सरळ २५ च्या वेगाने पळवला जायचा. दोन तासांचा चित्रपट १ तास ५५ मिनिटं १२ सेकंदांत संपायचा. आवाज त्याच्याबरोबर पळवला की जुळणी टिकते, पण सूर चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनच्या दिशेने निम्म्याहून जास्त अंतर सरकतं. गाण्याचा कान असलेल्या माणसाला हे खटकतं, आणि खटकायलाच हवं. सूर परत उतरवायची सोय असताना तो चढाच सोडून देणं हा गायकावर अन्याय आहे.

चूक किती चालते? आवाज चित्राच्या पुढे असेल, तर सुमारे ४५ मिलिसेकंदांतच ते जाणवतं. मागे असेल, तर १२५ पर्यंत सहसा लक्षात येत नाही. दूरचा आवाज जरा उशिरा पोहोचतो, याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. आधी आवाज आणि मग ओठ, असं निसर्गात कधीच घडत नाही.

(दृश्य : तबल्यावर पडणारी थाप, सावकाश गतीत.)

आवाज सरकलाय का हे तपासायचं, तर तबल्याची थाप किंवा टाळी शोधा. एक सुरुवातीची, एक मधली, एक शेवटची. तिन्हीकडे फरक सारखाच असेल, तर आवाजाची पट्टी तेवढी सरकवली की झालं. फरक एकसारखा वाढत गेला असेल, तर वेगाचा हिशेब चुकलाय. तो गुणोत्तराने दुरुस्त होतो. मध्येच अचानक उडी दिसली, तर कॅसेट संगणकावर घेताना बहुधा फ्रेम निसटल्या आहेत. तिथे गणित उपयोगी पडत नाही. डळमळीत सिग्नल स्थिर करणारा टाइम बेस करेक्टर मध्ये जोडून कॅसेट पुन्हा चालवावी लागते.

आज एनटीएससीची कॅसेट पाल करायची गरजही उरलेली नाही. संगणकाला दोन्ही सारखेच. ती २९.९७ वरच उतरवून घ्या आणि मूळ फाइल तशीच जपा. उशीर मात्र नको. व्हीएचएस यंत्रं बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. चालू स्थितीतले व्हीसीआर आता कमीच होत जाणार.

दुकानात कॅसेट दिली असेल, तर फाइल हातात आल्यावर पहिली पाच मिनिटं बघून पैसे देऊ नका. वेगाची चूक असेल, तर सुरुवातीला ती कळत नाही. थेट शेवटाकडे जा, जिथे कुणी बोलतंय तिथे थांबा, आणि ओठ बघा.