घर ते ऑफिस : तुलूजच्या वाटेवरचे फोटो

मित्रहो, दक्षिण फ्रान्स म्हटल्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे नीसचा समुद्र नाहीतर लॅव्हेंडरची जांभळी शेतं आली असतील. ती मीही पाहिली, पण त्यांचे फोटो आज आणलेले नाहीत. मी सहा वर्षं तुलूजमध्ये विमानांच्या क्षेत्रात नोकरी केली. आजचे सगळे फोटो घर ते ऑफिस या वाटेवरचे आहेत, नाहीतर शनिवारी सकाळी गाडी पकडून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावरचे.

तुलूजला तिथे ‘गुलाबी शहर’ म्हणतात. चांगला दगड लांबून आणावा लागायचा आणि गारॉन नदीकाठची माती हाताशी होती, म्हणून शहर विटांचं झालं. चर्च, पूल, वाडे, सगळं विटांचं. सकाळी या विटा फिकट गुलाबी दिसतात, दुपारी केशरीकडे झुकतात आणि सूर्य कलला की लालबुंद होतात. पहिल्या महिन्यातले माझे फोटो मात्र अगदी फिके आले. चूक कळायला वेळ लागला. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगाप्रमाणे फोटोतले रंग जुळवायचं सेटिंग, ऑटोवर होता. समोर सगळंच तांबूस, त्यामुळे कॅमेरा तो प्रकाशाचा दोष समजायचा आणि रंग धुऊन काढायचा. मग मी तो उन्हाच्या सेटिंगवर ठेवला तो कायमचाच. एकाच भिंतीचे रोज सव्वाआठला फोटो काढले नसते, तर हे माझ्या लक्षातच आलं नसतं.

आता तुम्ही विचाराल, नोकरी सांभाळून वेळ कुठून मिळायचा? जेवणाच्या सुट्टीत. तिथे कामाच्या टेबलावर बसून डबा खाणं कामगार नियमांतच बसत नाही. करोनाच्या काळात तेवढी सवलत मिळाली होती. दुपारी सगळे उठतात, एकत्र बसून जेवतात, गप्पा मारतात. सुरुवातीला मला वाटायचं, केवढा वेळ जातो हा! नंतर त्याच वेळात मी जेवण लवकर आटोपून कालव्याकाठी एक चक्कर मारायला लागले.

माणसांचे फोटो काढायला शिकले ते मंडईत. व्हिक्टर ह्यूगो मंडईत एका चीज विकणाऱ्या बाईंसमोर मी थेट कॅमेरा उचलला. त्यांनी पाठ फिरवली. चूक माझीच होती, मी ‘बोंजूर’सुद्धा म्हटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात आधी बोंजूर म्हटलं, चीज घेतलं आणि मग विचारलं. हा बघा तो फोटो. चीज कापायच्या तारेवर त्यांची दोन बोटं कशी टेकली आहेत पाहा. परवानगीशिवाय इतक्या जवळून हे मिळालं नसतं.

तुलूजहून गाडीने तासाभरावर आझँ नावाचं गाव आहे. लुई दुको द्यु ओरोन तिथे राहायचे. रंगीत फोटोची पद्धत त्यांनी 1860 च्या दशकात मांडली. एकच दृश्य तीन रंगांच्या काचांतून तीन वेळा टिपायचं आणि ते तीन ठसे एकावर एक बसवायचे. आज छापखान्यात रंगीत चित्र छापतात, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. आणि 1877 मध्ये त्यांनी कशाचा फोटो काढला? आपल्याच गावाचा. घरांची छपरं, झाडी, मागे कॅथेड्रल. रंग पहिल्यांदा हाती लागताहेत आणि माणूस स्वतःच्या गावाकडे बघतो आहे, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

आता कालवा. कनाल द्यु मिदी तुलूजपासून भूमध्य समुद्राकडे जातो, सुमारे 240 किलोमीटर. मिठाच्या कराची वसुली करणाऱ्या पिएर-पॉल रिके यांनी 1667 मध्ये तो खणायला घेतला. 1681 मध्ये तो खुला झाला, त्याच्या काही महिने आधीच ते गेले. दोन्ही काठांवर प्लाटानची झाडं आहेत, काश्मीरच्या चिनाराच्या कुळातली. सुमारे 42,000 होती. 2006 मध्ये कालव्यावर त्यांना एका बुरशीचा रोग सापडला. तो पाण्यातून, मुळांतून, करवतीच्या पात्यावरूनही पसरतो. औषध नाही. झाड तोडायचं आणि जाळायचं.

मी कालव्यावरच्याच कार्कासॉन शहरात उतरून काठाकाठाने त्रेब गावापर्यंत चालत जायची. एका वळणावर फांद्या दोन्हीकडून येऊन पाण्यावर एकमेकींना भिडलेल्या. भर दुपारी तिथे हिरवा अंधार असायचा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, 1600 वर न्यावा लागायचा. दीड वर्षाने गेले तर काही खोडांवर रंगाच्या खुणा दिसल्या. त्या कशाच्या आहेत ते मला माहीत होतं. त्या दिवशी मी इतर काही न टिपता फक्त खोडं टिपली, एकेक, जवळून. सालीचे करडे, पिवळे, हिरवे पोपडे.

पुढची स्लाइड लावा. हे तेच वळण, तीच वेळ, पाय ठेवायचा दगडही तोच. आयएसओ 100. पाणी एकदम रुंद वाटतं ना? डाव्या काठाला काठीला बांधलेली रोपं दिसताहेत, ती ओकची आहेत. माझ्या कमरेएवढीसुद्धा नव्हती तेव्हा.