रताळ्याच्या पट्टीवरचा सिनेमा

(दृश्य: लाल मातीतून रताळी उपसणारे हात)

बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बेक्किनकेरे भागातली ही माती. इथली रताळी मार्केट यार्डात जातात आणि अडत्याकडून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, येते. यंदा त्यातल्या काही पट्ट्यांचे पैसे आमच्या मराठी सिनेमात आलेत.

(दृश्य: वही, अगदी जवळून)

ही वही बघा. डावीकडे नाव, उजवीकडे रक्कम. मधला रकाना नवा: उसने, भागीदारी की मदत? आमचा सगळ्यात जास्त वेळ या रकान्याने खाल्ला. मदत दिली की विषय संपला. उसने मात्र सिनेमा चालो न चालो, परत करायचे. तेही आम्ही फक्त भागीदारांच्या नात्यातूनच घेतले, कारण गावभर परताव्याच्या बोलीवर पैसे जमवायला अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा 2019 चा कायदा आड येतो. भागीदार नफ्यातही असतो, तोट्यातही. गावात पैसे देताना हे कुणी बोलत नाही. ‘घे की, मागनं बघू’ म्हणतात.

(दृश्य: सोप्यात बसलेली माणसं, वकील वाचताहेत)

साध्या भागीदारीत देणं थकलं तर वसुली भागीदाराच्या घरा-शेतापर्यंत येते. म्हणून एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. 2008 च्या कायद्याने दोन भागीदार पुरतात, आणि लबाडी केली नाही तर ज्याने जेवढे घातले तेवढ्यापुरतीच त्याची जोखीम. नोंदणीनंतर 30 दिवसांत करार दाखल करायचा. करार इंग्रजीत आहे, म्हणून वकील एकेक कलम मराठीत सांगताहेत: सिनेमाचे पैसे आले की आधी कॅमेऱ्याचं भाडं, मग उसने, मग भागीदारांची मुद्दल, उरला तर नफा.

भिंतीला टेकलेल्या आजींनी एवढंच विचारलं, “माझं नाव कुठं हाय?” वकिलांनी कागद वळवून त्यावर बोट ठेवलं.

(दृश्य: कथालेखकाची सही)

कथा मित्राची, तरी सही घेतलीच. कॉपीराइट कायद्यात हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ते 5 वर्षांपुरते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. मित्राकडे कागद मागताना जीभ अडखळते. मागावाच. आमचा आधीचा सिनेमा याच एका कागदावाचून हार्ड डिस्कमध्ये पडून आहे.

(दृश्य: पुन्हा वही)

शूटिंग सोमवारपासून. दोन नावांपुढचा रकाना अजून कोरा आहे. त्यांचे पैसे पाकिटात वेगळे ठेवलेत.