बाय, आत्या, मावशी

(लालबागमधल्या स्मरणसभेत केलेलं भाषण, थोडं नीट करून)

मंडळी, पुढच्या रांगेत माझे वडील बसलेत. ते तिला 'बाय' म्हणायचे. शेजारी माझी आतेबहीण आणि आतेभाऊ, त्यांची ती आई. माझी आत्या. आणि मागे भिंतीला टेकून चारपाच जण उभे आहेत, त्यांची मावशी. त्यांनी तिच्या हातचं पैसे मोजून खाल्लंय. पैसे मोजून, हे मी मुद्दाम सांगतोय. ती गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण तिला त्यागमूर्ती म्हणतोय. प्रेमानेच म्हणतात, पण मला ते टोचतं. आत्याने खानावळ चालवली. तो तिचा धंदा होता आणि तिला तो फार चांगला जमायचा.

मी 1979 साली संगमेश्वरकडच्या आमच्या गावातून तिच्याकडे शिकायला आलो. दहा वर्षांचा होतो. चाळीतली एक खोली, दहा बाय बाराची. तिचे यजमान गिरणीत होते, ते कधीच वारले होते. त्या खोलीत ती, तिची दोन मुलं, मी, दोन स्टोव्ह, आणि दिवसाला छत्तीस माणसांचं जेवण. सगळे कोकणातले गिरणी कामगार, बायकामुलं गावी ठेवून आलेले. पहिली पाळी सकाळी 7 ला, म्हणजे डबे त्याआधी भरून तयार. दुसऱ्या पाळीवाले दुपारी जेवून जाणार, रातपाळीवाले संध्याकाळी. भोंगा झाला की कोण जिना चढून येणार हे तिला तोंडपाठ. पायांच्या आवाजावरून ती भाकरी तव्यावर टाकायची.

आणि ती स्वतः सगळ्यांच्या आधी जेवायची. हे नीट ऐका, कारण आपल्या घरांतून हे फारसं घडत नाही. सकाळी दहा वाजता, पाट मांडून, गरम भाकरी आणि कालवण. चाळीतल्या बायका नावं ठेवायच्या. ती म्हणायची, "मी चाखलं नाही ते दुसऱ्याला कसं घालू? आणि उपाशी बाई आमटी खारट करते."

तिला अक्षर येत नव्हतं, पण वही होती. प्रत्येक माणसाचं एक चित्र: कुणाची छत्री, कुणाची टोपी, एका तंबाखूवाल्याची चंची. पूर्ण जेवणाला उभी रेघ, नुसत्या डब्याला टिंब. पगार झाला की ती रेघा मोजायची आणि मी पाटीवर बेरीज करायचो. मी पुढे बँकेत लागलो. माझा पहिला हिशेबनीस म्हणून मी आजही तिचंच नाव सांगतो.

1974 सालचा गिरण्यांचा 42 दिवसांचा संप इथल्या थोरांना आठवत असेल. गडी बिनपगारी आणि खानावळवाल्या बाया उधारीवर त्यांना जेवू घालतायत, त्यासाठी डोरलं गहाण टाकतायत. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी ते पाहिलं, आणि 1975 मध्ये खानावळवाल्या बायांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. सावकाराच्या ऐवजी सरकारी बँकेचं कर्ज, तेही अशा बायांना! आत्यानेही ते काढलं. अर्जावर अंगठा चालला असता. तिने आठ दिवस मुलीच्या पाटीवर सही गिरवली आणि मगच बँकेत गेली.

त्याच्याही आधीची गोष्ट माझी आतेबहीण सांगते. 72-73 च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या पुढारी बायांबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आत्या आपलं रोजचं लाटणं घेऊन गेली. घसा बसेपर्यंत ओरडली, परत आली, लाटणं धुतलं आणि संध्याकाळच्या चपात्या वेळेवर लाटल्या.

बहीण म्हणून ती कशी होती हे माझ्या वडिलांनी सांगायला हवं, पण त्यांना आज बोलवत नाहीये. तिघा भावांत जमिनीवरून अबोला होता. गणपतीला ती गावी आली, तिघांना एका पाटावर दाटीवाटीने बसवलं आणि म्हणाली, "उठेल त्याच्याकडे मी पुन्हा पाणी पिणार नाही." तिघेही तासभर बसून होते, शेवटी हसायला लागले. त्या रात्री तिने अंगणात पोरीसोरींना दमवून सोडेपर्यंत फुगड्या घातल्या. पन्नाशीची होती.

मग 18 जानेवारी 1982. गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, दोन महिन्यांत मिटेल. वहीत रेघा वाढत होत्या, पैसे येत नव्हते. भोंगे बंद. सकाळी ती सवयीने उठायची आणि कान देऊन बसायची. मी अंथरुणातून तिची पाठ बघायचो. पावसाळ्यापर्यंत तिने मोठी पातेली विकली. गडी एकेक करून गावी गेले. काही जण निरोप न घेता गेले, तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून. तो संप कागदोपत्री कधी मागे घेतलाच गेला नाही.

मी तेव्हा तिला म्हटलं, आत्या, या रेघा खोडून टाकू? तिने वही माझ्या हातातून काढून घेतली. "खोडायच्या नाहीत. माफ केली म्हटलं की तो माणूस माझ्यापुढे कायमचा खाली बसला. उधारी थांबलीय. त्याला जमेल तेव्हा देईल."

आणि लोक यायचे. 86 साली छत्रीवाला आला, तांदळाचं अर्धं पोतं घेऊन. एकाच्या मुलाने आमसुलं पाठवली. चंचीवाला वारला होता, त्याची बायको पंचवीस रुपये घेऊन चालत आली. आत्याने ते घेतले, मोजले, वहीत रेघांवर आडवी काट मारली, आणि मगच तिला जेवायला बसवलं. दोघी रात्रभर बोलत होत्या.

काल तेरावं झालं. घरात पन्नास माणसं, वहिनी पहाटेपासून चुलीशी. पानं मांडून झाली आणि मंडळी बसायला लागली. माझे वडील काठी टेकत आत गेले, भिंतीचा पाट काढून खाली टाकला आणि वहिनीला म्हणाले, "तू आधी जेव."